ब्रेस्ट लिफ्टनंतरचा सव्वा महिना

आधीच सांगून टाकते, मी सर्जन नाहीये. मी ड्रेसिंग करणारी सिस्टर, प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात आणि ड्रेसिंग रूममधे बरीच वर्षं काढलीयेत. सर्जन त्या बाईला टेबलावर अडीच-तीन तास बघतात आणि मी तिला पुढचा दीड महिना बघते, त्यामुळे माझ्याकडे ऑपरेशनच्या गोष्टी कमी आणि घरी गेल्यावर काय काय घोळ झाले त्याच्याच गोष्टी जास्त. आज तेच सांगायला आलेय.

ब्रेस्ट लिफ्ट, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत मॅस्टोपेक्सी. ओघळलेली छाती वर घ्यायची, जास्तीची ताणलेली कातडी काढायची, आणि निपल खाली गेलेलं असतं ते आतल्या टिश्यूला जोडलेलंच ठेवून वर आणून बसवायचं. साइझ वाढवायचं हे ऑपरेशन नाही, बऱ्याच जणी तिथेच गफलत करतात. छातीला आतून धरून ठेवणारे बारीक बंध असतात, कूपर्स लिगामेंट, सर अ‍ॅस्टली कूपर नावाच्या इंग्रज सर्जनने 1840 च्या पुस्तकात त्यांचं वर्णन केलंय म्हणून ते नाव. हे बंध आणि वरची कातडी एकदा सैल पडली की व्यायामाने परत घट्ट होत नाहीत, कारण ते स्नायू नाहीत. जिमवाला काहीही सांगू दे.

आणि एक, "बाळाला पाजलं म्हणून असं झालं" हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की काही पोरी त्या भीतीने पाजायला कांकू करतात. अमेरिकेत केंटकी युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी 2007 मधे हे तपासून मांडलं होतं, पाजण्याचा संबंध सापडलाच नाही. वय, किती वेळा दिवस गेले, वजन, आणि सिगरेट, या गोष्टींचा सापडला. तेव्हा बाळाला बोल लावू नका.

आता मुद्द्यावर येते. बाळंतीण घरी आली की आपण काय करतो? सव्वा महिना तिला हात लावू देत नाही कशाला. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, कोणी विचारत नाही की बाई तू झोपून का आहेस. या ऑपरेशनला जवळपास तेवढाच काळ लागतो, सहा आठवडे धरा. फरक इतकाच की ही बाई स्वतःच्या मर्जीने ऑपरेशन करून आलीय, त्यामुळे तिला कोणी सव्वा महिना देत नाही आणि ती मागतही नाही, मागायचं तर सांगावं लागेल ना कशासाठी ते. मी जेवढे उघडलेले टाके बघितलेत त्यातले कितीतरी या न सांगण्यातून उघडलेले आहेत.

एक ताई होत्या, घरी सांगितलं मैत्रिणीकडे लग्नाला चाललेय, तीन दिवसांनी परत आल्या चेहऱ्यावर हसू वगैरे आणि अंगात आतून सर्जिकल ब्रा, वरून ढगळा ड्रेस. त्यांच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं. सहाला उठून पिंप भरलं बाईने, बादल्या उचलून. बादली म्हणजे पंधरा-वीस किलो असते हो, आणि आम्ही सांगतो दोन-तीन किलोच्यावर काही उचलू नका. आठव्या दिवशी माझ्यासमोर बसल्या तेव्हा खालचा टाका उघडा. रडत होत्या, दुखतंय म्हणून नाही, आता रोज ड्रेसिंगला यायचं तर घरी काय सांगू म्हणून.

दुसऱ्या एकीने सासरी सांगितलं गाठ काढलीय. झालं! चार दिवसांत अख्खं गणगोत शहाळी घेऊन दारात, मोठ्या जाऊबाई गळ्यात पडून रडल्या (गळ्यात पडून! नव्या टाक्यांवर!), रिपोर्ट काय आला, रिपोर्ट काय आला. तिने पुढचे तीन महिने त्या न आलेल्या रिपोर्टच्या कथा रचल्या. म्हणून मी सांगते, अख्ख्या बिल्डिंगला नका सांगू, पण घरातल्या एका माणसाला खरं खरं माहिती पाहिजे, आणि ते माणूस कुकर उचलू शकणारं पाहिजे.

पहिले तीन दिवस. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं, नंतर उतरायला लागतं, बहुतेक जणी म्हणतात दुखण्यापेक्षा आवळल्यासारखं, ओढल्यासारखं वाटतं. काहींना बारीक नळ्या ठेवतात, ड्रेन, त्या थोड्या दिवसांत काढतात. गोळ्या वेळेवर घ्या, दुखायची वाट बघू नका, आणि मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा घरातली कुठलीतरी दुखण्याची गोळी घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. भुलीने आणि गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हे कोणी सांगत नाही आणि मग त्याचाच जास्त त्रास होतो, तर इसबगोल, पाणी, पपई. आणि पहिल्या दिवसापासूनच घरातल्या घरात चालायचं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. आराम म्हणजे पलंगाला चिकटून राहणं नव्हे.

झोपायचं पाठीवर, डोक्याखाली-पाठीखाली उशा रचून, आरामखुर्चीत टेकल्यासारखं. कुशीवर काही आठवडे नाही, पोटावर तर त्याहून उशिरा, डॉक्टरांना विचारून. दोन्ही बाजूला लोड लावून ठेवा म्हणजे झोपेत वळलं जात नाही. सर्जिकल ब्रा दिवसरात्र, चार ते सहा आठवडे, आंघोळीपुरती काढायची, आणि पुढून उघडणारी घ्या, दोन घ्या म्हणजे एक धुता येते. वायरवाली ब्रा विसराच तेवढे दिवस, ती वायर बरोब्बर खालच्या टाक्यावर येते. घरात पुढून बटणाचे गाऊन, शर्ट. टीशर्ट, कुर्ता डोक्यावरून घालायचा म्हणजे दोन्ही हात वर, तेच नकोय.

हात. यावर थोडी थांबते मी, कारण आमच्या कागदावर लिहिलेलं असतं "खांद्याच्यावर हात उचलू नये" आणि बाई मान हलवते आणि तिला वाटतं आपण कुठे हात वर करतो. अहो दिवसभर करतो! वेणी घालणं, आंबाडा. माळ्यावरचा डबा. कपडे वाळत घालायची वरची दांडी, काठीने साडी चढवणं, हे तर मला वाटतं सगळ्यात वाईट, दोन्ही हात वर आणि वर ओला भार. देवघर उंच असेल तर फुलं वाहणं. कणीक मळणं हात वर न करता पण छातीच्या स्नायूने होतं, पोळ्या लाटणंही, तर पहिले तीन-चार आठवडे पोळ्या बाहेरून. गॅसचा सिलिंडर भरलेला तीस किलोच्या घरात जातो, त्याच्याकडे बघायचंही नाही. दोन वर्षांचं पोर धावत येऊन उचल म्हणतं तेव्हा खाली बसून जवळ घ्या, उचलू नका, इथे बऱ्याच जणी फसतात आणि मी त्यांना बोलतही नाही, कसं बोलणार. पण खांदा अगदी आखडूनही ठेवायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलेले हलके हलके फिरवायचे प्रकार करायचे, नाहीतर खांदाच धरतो. टूव्हीलर महिनाभर तरी नको, आपले रस्ते आणि खड्डे तुम्हाला माहितीयेत. चालणं लगेच, पण सूर्यनमस्कार, झुंबा, पळणं सहा आठवडे झाल्यावर, तेही विचारून.

आता जखम. टाके कुठे येतात हे किती ओघळलंय त्यावर, कधी फक्त निपलच्या गोलाभोवती, कधी गोल आणि खाली सरळ रेघ, आणि जास्त असेल तर त्या रेघेच्या तळाशी आणखी एक आडवी, जहाजाच्या नांगरासारखी. तो तळाचा कोपरा, जिथे तीन टाके एकत्र येतात, तोच सगळ्यात आधी कुरकुरतो. तिथे थोडं उघडणं बऱ्यापैकी कॉमन आहे, घाबरू नका, ड्रेसिंग करत राहिलं की काही आठवड्यांत भरतं. पण त्यावर हळद दाबू नका, खोबरेल तेल नको, कुठल्या मावशीचा पाला नको. हळद दुधातून घ्या की हवी तेवढी.

आणि मिश्री. हसू नका, मी प्रत्येकीला विचारते. फॉर्मवर "स्मोकिंग" पुढे सगळ्याच जणी नाही लिहितात आणि खरंच सिगरेट नसतेच, पण सकाळी दात मिश्रीने. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि जिथून निपलला रक्त जायचंय त्या वाहिन्या आधीच बारीक. जखम भरत नाही, वाईट झालं तर निपलचा भाग काळा पडतो. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद म्हणजे बंद, आणि डॉक्टरांना खरं सांगा, ते तुमच्या सासऱ्यांना सांगायला जात नाहीत.

फोन कधी करायचा ते लक्षात ठेवा. एकच बाजू अचानक फुगली, टणक झाली, खूप दुखायला लागली, विशेषतः पहिल्या एक-दोन दिवसांत, तर आत रक्त साठत असू शकतं, रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन. ताप, लाली पसरत चाललीय, घाण वास, पू, निपल निळं-काळं, तरी फोन. आणि पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, छातीत कळ आली तर फोनही नको, सरळ इमर्जन्सी.

मनाचं पण सांगते. पहिल्यांदा आरशात बघितलं की बहुतेक जणींचा चेहरा पडतो. वर चढलेलं, चौकोनी, खालून चपटं, एक बाजू जास्त सुजलेली, "हे काय केलं मी" असं त्या मलाच विचारतात. तो आकार राहायचा नसतो, तीन ते सहा महिन्यांत खाली बसतो, गोल होतो. म्हणून नवीन ब्रांची खरेदी आणि ब्लाउजची मापं तीन महिने तरी नाही, एकीने महिन्यात लग्नाचे सहा ब्लाउज शिवले आणि सगळे उसवले, शिंपीकाका वैतागले. निपलला बधिरपणा येतो, मग मधेच वीज चमकल्यासारखी कळ, ती नस जागी होत असल्याची असते, महिने लागतात, कधी वर्ष, आणि काहींना पूर्ण संवेदना परत येतच नाही, हे आधी माहिती असलेलं बरं. वण आधी लाल, जाड होतात, मग वर्ष-दीड वर्षात फिके, पण पुसले जात नाहीत. आपल्या सावळ्या कातडीत केलॉइड, म्हणजे वणाचीच वाढत जाणारी जाड गाठ, जास्त होतो, कान टोचल्यावर गाठ आलेली असेल तर आधीच सांगा. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी, दोन-तीन महिने नेटाने. मंगळसूत्राची वाटी वणावर घासत असेल तर थोडे दिवस आखूड घाला.

पैशाचं एका वाक्यात, मेडिक्लेममधे कॉस्मेटिक ऑपरेशन बसत नाही आणि बिलावर जीएसटी लागतो, तो आधी विचारून घ्या, आणि सर्जनची डिग्री बघा, प्लास्टिक सर्जरीतलं एम.सीएच. किंवा डीएनबी, पार्लरच्या वर बोर्ड लावलेला कोणीही नको.

चिठ्ठ्या आल्यात. "पुढे मूल हवं असेल तर?" आधी मूल, मग ऑपरेशन, कारण दिवस गेले की परत ओघळतं. नंतर पाजता येतं बऱ्याच जणींना, पण खात्री कोणी देणार नाही. "मॅमोग्राफी?" चाळिशीच्या पुढे असाल तर ऑपरेशनआधी करून घ्या, नंतर साधारण सहा महिने थांबून परत, आणि ऑपरेशन झालंय हे तिथे सांगा. नंतर कधी गाठ लागली तर ती बहुतेक चरबीची असते, पण बहुतेक म्हणून घरी बसू नका, दाखवा.

आणि ही शेवटची, अक्षर मोठ्या माणसाचं दिसतंय. "सुनेने करून घेतलंय, मला सांगितलंय, मी काय करू?" काकू, तुम्ही कुठे बसलायत माहिती नाही, पण तुमची सून नशीबवान. वरच्या दांडीवरचे कपडे तुम्ही काढा किंवा मुलाला काढायला लावा, नातवंडाला झोपताना तुमच्याकडे घ्या, कुकर तुम्ही उतरवा, आणि किती खर्च आला हे निदान सव्वा महिना विचारू नका.