विश्व घाईत होतं म्हणून

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, विश्व प्रसरण पावतं आणि थंड होतं, हे तुम्ही ऐकलेलं असतं. मग ती उष्णता जाते कुठे?

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की व्हॉल्व्ह गार लागतो. आतली हवा बाहेरच्या हवेला ढकलते, त्या कामात तिची ऊर्जा खर्च होते. विश्वाचं थंड होणंही बऱ्याचदा असंच समजावलं जातं. पण विश्वाला ‘बाहेर’ नाही. ढकलणार कोणाला? अवकाश ताणलं जातं तशी त्यातल्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते आणि प्रत्येक फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा घटते. ती दुसरीकडे कुठे साठत नाही. आइनस्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतात, प्रसरण पावणाऱ्या अख्ख्या विश्वासाठी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नेहमीचा नियम लावताच येत नाही. हे पचायला जड आहे. एन्ट्रॉपीचा, म्हणजे अव्यवस्थेच्या मापाचा, हिशेब मात्र जुळतो: फोटॉन तेवढेच राहतात, आणि अंतरं जितकी पट वाढतील तितकी पट तापमान उतरतं. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना ते ३००० केल्विन होतं. तेव्हापासून अंतरं सुमारे ११०० पट वाढली. आज त्या वेळच्या प्रकाशाचं तापमान २.७२५ केल्विन आहे. आपल्या इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात द्रवरूप हीलियम वापरतात, तो ४.२ केल्विनला उकळतो. रिकामं आकाश त्याहूनही गार! हा जुना प्रकाश पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना सापडला, ते १९६५ मध्ये जाहीर झालं.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येतो. १८५४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी मांडलं की शेवटी सगळीकडे एकच तापमान होईल आणि काही घडणंच थांबेल. पण गंमत बघा, विश्वाची सुरुवातच जवळजवळ तशी होती! पहिल्या सेकंदाच्या आत सगळं एकाच तापमानाला, उष्मिक समतोलात. मग पुढे काही घडलंच कसं?

समतोल टिकायला कणांना एकमेकांशी क्रिया करायला वेळ मिळावा लागतो, आणि तो मिळाला नाही. साधारण एका सेकंदाला तापमान एक हजार कोटी केल्विन होतं. त्याआधी प्रोटॉनचे न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉनचे प्रोटॉन झपाट्याने होत होते. आता प्रसरणाचा वेग त्या क्रियांच्या वेगापुढे गेला आणि प्रमाण अडकलं: सुमारे ६ प्रोटॉनांमागे १ न्यूट्रॉन. पुढच्या काही मिनिटांत थोडे न्यूट्रॉन विघटित झाले, प्रमाण ७ ला १ झालं. फळ्यावर मांडू. १४ प्रोटॉन, २ न्यूट्रॉन. दोन-दोन मिळून हीलियमचं एक केंद्रक, उरले १२ प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन. वस्तुमानाने १६ पैकी ४, पाव हिस्सा हीलियम. जुन्यात जुन्या वायूत आणि ताऱ्यांच्या अभ्यासात हाच आकडा मिळतो. शाळेतल्या गणिताने पहिल्या मिनिटांपर्यंत पोचता येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

विश्व रमतगमत थंड झालं असतं, तर केंद्रकं जुळत जुळत थेट लोहाच्या आसपास पोचली असती. तिथे बंध सर्वांत घट्ट असतो. मग सूर्याला जाळायला हायड्रोजनच उरला नसता. विश्व घाईत होतं म्हणून इंधन शिल्लक राहिलं.

आणि नुसतं इंधन पुरत नाही. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० केल्विनचा. तिथून आलेल्या एका फोटॉनमागे पृथ्वी साधारण २० अवरक्त फोटॉन आकाशात सोडते. ऊर्जा जवळपास तेवढीच येते-जाते, एन्ट्रॉपी मात्र भरपूर बाहेर पडते. गव्हाचं रोप त्यावर वाढतं, आपणही. तो जुना प्रकाश ३००० केल्विनलाच राहिला असता, तर आकाश चहूबाजूंनी धगधगलं असतं आणि पृथ्वीला उष्णता टाकायला जागाच नसती. प्रसरणाने इंधनही वाचवलं आणि आकाशही थंड ठेवलं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. गुरुत्वाकर्षण धरलं, तर सारखं पसरलेलं द्रव्य ही कमी एन्ट्रॉपीची स्थिती. गोळा होऊन तारे, कृष्णविवरं बनली की ती वाढते. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांनी हे आग्रहाने मांडलं. सुरुवातीला द्रव्य इतकं एकसारखं का होतं? काही जण अतिवेगवान प्रसरणाच्या पहिल्या क्षणांकडे बोट दाखवतात. पेनरोझ यांना ते पटत नाही. प्रश्नोत्तरांत यावर बोलू.