छपरावरचं निळं

[दृश्य : मेट्रोच्या खिडकीतून असल्फाची टेकडी]

जूनच्या सुरुवातीला घाटकोपरहून वर्सोव्याच्या मेट्रोत बसा. जागृती नगर गेलं की टेकडीवरच्या घरांचे रंग कमी कमी होत जातात आणि वर एकच रंग उरतो, निळा. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याच्या आत पत्र्यांवर ताडपत्री चढलेली असते. कडेनं विटा, जुने टायर, आडवे बांबू, ताणून बांधलेल्या दोऱ्या.

आमच्या गोधडी शिवणाऱ्या गटानं या वेळी विषय ठरवला तो छप्पर. अटी मोजक्या. चौरस आकार, बाजू २४ इंचांहून मोठी नको. कापडाचे तीन थर, टाक्यांनी एकत्र धरलेले. आणि मांडणी आधुनिक.

आधुनिक म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकी रजया पलंगावरून उचलून चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या रजया लागल्या. शेतावर घालून विटलेल्या डेनिमच्या, जुन्या कपड्यांच्या. त्यांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आपल्या गोधड्याच आठवल्या. वापरून मऊ झालेलं कापड, पट्टी न लावता केलेली कात्री, आणि तरीही रंगांची अशी जोड, की नजर हलू नये. आजची आधुनिक रजई या सगळ्यातून बरंच काही घेते. सपाट रंग, कमी तुकडे, साच्याबाहेरची मांडणी आणि भरपूर मोकळी जागा.

या मोकळ्या जागेनंच मला विचारात पाडलं. मुंबईतल्या छपरांवर चित्र करायचं आणि जागा मोकळी सोडायची? तिथं दोन भिंतींत हात जाईल एवढी फट नसते.

[दृश्य : कपाटाच्या दारावर टाचलेली फलालीनची चादर, तिच्यावर कापडाचे तुकडे]

पहिली रेखाटनं बाजूला ठेवली. त्यांत घरं होती, खिडक्या होत्या, पावसाच्या तिरक्या रेघा होत्या. विषय हातात आला की त्याचं चित्र काढावंसं वाटतंच. पण छप्पर हा विषय आणि कापडावर घराची आकृती, यात बघणाऱ्याला काही करायला उरत नाही. मला घर न दाखवता छप्पर दाखवायचं होतं. टेकडीचे फोटो पुन्हा पाहिले तेव्हा ध्यानात आलं, की खाली कितीही दाटी असली तरी वर ताडपत्रीचा पट्टा सलग आहे. तीच मोकळी जागा. मग आराखडा सोपा झाला. डाव्या कडेला खालून वर जाणारी अरुंद, गच्च भरलेली उभी पट्टी, ती भिंतींची. बाकी सगळं निळं.

सपाट रंगांचं कापड मुंबईत शोधावं लागत नाही. परदेशी रजईवाल्या ज्यासाठी खास दुकानं धुंडाळतात, ते आपल्याकडे दादरच्या कोणत्याही मॅचिंग सेंटरमध्ये ताग्यांच्या भिंती करून ठेवलेलं असतं. निळा मागितला की काउंटरवर निळ्यांची रांग लागते, आणि बायका तुकडा घेऊन दारापर्यंत येतात, कारण ट्यूबलाइटखालचा रंग खरा नसतो. ब्लाऊजचं टू बाय टू मात्र मी घेतलं नाही. ते पातळ, आतली शिवण वरून दिसते. कॅम्ब्रिक, म्हणजे दाट विणीचं सुती कापड, घेतलं, मंगळदास मार्केटमधून. तीन निळे. एक नव्या ताडपत्रीचा, झगझगीत. दुसरा एक उन्हाळा सोसलेला, कारण प्लास्टिक उन्हात विरतं आणि त्याचा रंग पांढुरका होत जातो. तिसरा जवळजवळ राखाडी. कापड आणल्याबरोबर धुतलं, निळं वेगळं, लाल वेगळं. गडद रंग पहिल्या पाण्यात सोडतात, आणि शिवून झाल्यावर सोडला तर उपाय नसतो.

भिंतींच्या पट्टीत जुन्या सुती साड्यांचे तुकडे आहेत. हळदी, गेरू, एक डाळिंबी काठ. सगळे तुकडे फलालीनवर चिकटवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायचा, ही सवय फार उपयोगाची. रंग वेगळे असूनही गडदपणा सारखा असेल, तर लांबून सगळं एकमेकांत बुडतं. हळदी आणि फिकट निळा असेच बुडत होते. त्यांच्यामध्ये डाळिंबी आणला आणि भिंत उभी राहिली.

[दृश्य : कात्री, दोन कापडं एकावर एक]

निळ्यांची जोड पट्टी न लावता केली. दोन्ही कापडं सुलट ठेवायची, कडा एकमेकींवर चढवायच्या आणि दोन्हींतून एकदमच, हातानं, हलक्या वळणाची रेघ कापायची. वरची-खालची चिंधी काढली, की दोन्ही कडांना एकच वळण मिळतं. मग सुलट बाजू आत ठेवून पाव इंचावर शिवण. हा पाव इंच दोन्ही बाजूंनी जातो, म्हणून दोन इंचांची पट्टी दिसायला हवी असेल तर ती अडीच इंचांची कापायची. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री, शिवण गडद कापडाकडे वळवून. कंटाळवाणं काम आहे, पण रजईचा सपाटपणा इथंच ठरतो.

मधला थर जुन्या सुती चादरीचा. मुंबईच्या हवेत कृत्रिम कापूस मला नकोसा वाटतो. तीन थर पसरून कच्चे टाके घातले आणि मग सगळ्यात महत्त्वाचं उरलं, धावदोरा.

[दृश्य : सुई, निळ्या कापडावर पांढऱ्या टाक्यांची रांग]

मोठं निळं मोकळं ठेवायचं, म्हणजे तिथं जे काही घडणार ते दोऱ्यानंच. बांधलेल्या दोऱ्यांसारख्या तिरक्या रेघा मारून पाहिल्या. त्या दिसत होत्या नीटनेटक्या, पण नुसत्या सजावटीच्या. गोधडीत धावदोरा कडेवरून सुरू होतो, कडेला समांतर फिरतो, आणि फेऱ्या घेत घेत आत येतो. त्यामागं साधं कारण आहे. जुने थर सरकू नयेत, कड आधी पक्की व्हावी. मी तसाच दोरा फिरवायला घेतला, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला दिसलं ते ताडपत्रीवर साचलेलं पाणी.

ज्यांच्या डोक्यावर ताडपत्री असते त्यांना हे सांगावं लागत नाही. दोरी सैल पडली की मध्ये पोट येतं, पोटात पाणी साचतं, भार वाढतो, पोट आणखी खाली येतं. वेळेवर खालून काठीनं ढकलून ते बाहेर काढावं लागतं, रात्री दोन वाजता सुद्धा.

मग गोधडीचा मध्य मी मध्यात ठेवला नाही. उजवीकडे, खाली सरकवला. कडेला फेऱ्या बोटभर अंतरावर, आत जाताना अंतर घटत घटत शेवटी टाक्याला टाका भिडलेला. यात एक गुण आपोआप मिळतो. जिथं टाके दाट तिथं कापड दबतं, जिथं विरळ तिथं फुगतं. त्यामुळे उजव्या कोपऱ्याजवळचा भाग खरोखर खोल दिसतो, हात फिरवला तर जाणवतोही. रंगाची एकही जादा चिंधी न लावता. आधुनिक मांडणीतली मोकळी जागा आणि गोधडीचा जुना दोरा इथं एकमेकांच्या कामी आले, आणि हाच या चोवीस इंचांमधला माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे.

चौकट मी केली नाही. गोधडीला साडीचा काठ लावतात आणि तो सुंदर दिसतो, पण वस्तीत एक छप्पर संपतं तिथंच दुसरं सुरू होतं. म्हणून कडेची पट्टी पूर्ण मागं वळवून आतून टिपली. समोरून निळं थेट काठापर्यंत जातं.

[दृश्य : भिंतीवर टांगलेली रजई, समोर शेजारीण]

नाव, विषय काहीही न सांगता ती शेजारच्या मावशींना दाखवली. त्यांचं अर्धं आयुष्य पत्र्याच्या घरात गेलं. जरा वेळ बघत राहिल्या, मग बोट नेमकं दाट टाक्यांवर ठेवून म्हणाल्या, "इथं पाणी तुंबलंय. काठी घाल बाई खालून, नाहीतर फाटेल."

मागच्या बाजूला वर काठी ओवायची पट्टी आणि खाली कोपऱ्यात विषयाची चिठ्ठी शिवली आहे. गटाच्या प्रदर्शनात तिच्या शेजारी बाकीच्यांची छपरं लागतील. कौलं, गच्ची आणि एक छत्री असल्याचं कानावर आहे.