तक्त्यात न मावणारे दोन सेकंद

(काळा पडदा. वाऱ्याचा आवाज. मग सकाळचा फ्लाइट डेक.)

खांद्याला खांदा लावून माणसं उभी आहेत, विमानवाहू नौकेच्या डेकच्या या काठापासून त्या काठापर्यंत. माना खाली. सगळी रांग सावकाश पुढे सरकतेय. शोधतायत काय? एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, रंगाचा पोपडा. हा बघा, एक वॉशर सापडला. नखाएवढा. जेट इंजिन समोरची हवा आत ओढतं. त्या हवेबरोबर हा वॉशरही आत गेला, तर भिरभिरणाऱ्या पात्यांचं काही खरं नाही. म्हणून उड्डाणं सुरू होण्याआधी ही फेरी. हुद्दा कुठलाही असो, मान खालीच.

युद्धनौकांची तुलना करणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. डावीकडे एक झेंडा, उजवीकडे दुसरा, खाली आकडे. आम्हीही तसा तक्ता केला होता. मग चित्रीकरण बघायला बसलो आणि तक्ता बाजूला ठेवला. तरी एकदा वाचून दाखवतो. अमेरिकेची जेराल्ड आर. फोर्ड सुमारे १ लाख टन. चीनची फुजियान सुमारे ८० हजार. ब्रिटनची क्वीन एलिझाबेथ ६५ हजार. भारताची विक्रांत ४५ हजारांच्या आसपास, फ्रान्सची शार्ल द गॉल ४२ हजारांच्या. झालं.

आता टनभार विसरा आणि विमानाचं पुढचं चाक बघा.

(जवळून: पुढचं चाक, डेकमधली खाच, वाफ.)

चाकाला पुढे एक दांडा आहे. तो डेकमधल्या खाचेत वाफेच्या जोरावर धावणाऱ्या शटलमध्ये अडकतो. मागून दुसरा दांडा विमानाला धरून ठेवतो. म्हणजे पुढून ओढ, मागून धर. विमान फेकणाऱ्या या यंत्रणेला, कॅटापुल्टला, गलोल म्हणावंसं वाटतं ते यामुळेच: आधी ताणायचं, मग सोडायचं.

हिरव्या जर्सीतला हा पोरगा वैमानिकाला एक पाटी दाखवतोय. पाटीवर विमानाचं वजन आहे, इंधन आणि शस्त्रांसकट. वैमानिक खुणेनं होकार देतो. या एका आकड्यावर वाफेचा जोर ठरतो. जोर कमी पडला तर विमान डेकच्या टोकावरून सरळ पाण्यात. जास्त झाला तर पुढचं चाक उपटून हातात. म्हणून पाटी पुन्हा वाचली जाते.

मागे डेकमधून पोलादी भिंत उभी राहते, इंजिनाचा झोत अडवायला. इंजिन पूर्ण जोरात. वैमानिकाचा सलाम. आता त्याचा उजवा हात बघा. विमान वळवायच्या कांडीवर नाही, वर काचेच्या चौकटीला धरलाय. हॉर्नेट या अमेरिकी लढाऊ विमानात फेकलं जात असताना वैमानिक कांडीला हात लावत नाही, विमान स्वतःला सावरतं. डेकवरचा अधिकारी खाली वाकतो, हात जमिनीला टेकवतो, पुढे रोखतो.

(मूळ आवाज. निवेदन नाही. ६ सेकंद.)

दोन सेकंद. सुमारे ९० मीटर. शून्यापासून ताशी २६५ किलोमीटर.

(फुजियान. तोच वाकलेला अधिकारी, तोच हात.)

भाषा वेगळी, झेंडा वेगळा, खूण तीच. जर्सींचे रंगही बरेचसे तेच.

आता दुसरी पद्धत.

(विक्रमादित्य, भारताची दुसरी विमानवाहू नौका. चाकांजवळून चित्रण.)

इथे ओढणारं कुणी नाही. मिग-२९ केच्या मुख्य चाकांपुढे डेकमधून अडसर वर आलेत. इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर पेटला, विमान थरथरतंय, पण जागचं हलत नाही. अडसर खाली जातात आणि ते सुटतं. पुढे डेक वर वळलाय, घसरगुंडी उलटी ठेवावी तसा. विक्रांतवर ही चढण १४ अंशांची आहे.

हे दृश्य मंद गतीत बघा. रॅम्प सोडला तेव्हा विमान खरं म्हणजे अजून उडत नाहीये. वर फेकलं गेलंय एवढंच. हवेत मिळालेल्या त्या थोड्या अवधीत इंजिन उरलेला वेग गाठून देतं. ब्रिटिश नौदलातल्या डग टेलर या अधिकाऱ्यानं १९७० च्या दशकात ही युक्ती मांडली. स्वस्त, साधी, हलणारा एकही भाग नाही. वाफ नको, शटल नको.

किंमत विमान चुकवतं. बाहेरचा धक्का नसल्यानं वजनाला मर्यादा येते. टाकी भरायची की बॉम्ब लावायचे, हा हिशेब प्रत्येक उड्डाणाला. तक्त्यात या विमानापुढे जो पल्ला आणि जो शस्त्रभार लिहिलेला असतो, तो दोन्ही एकदम घेऊन ते इथून उडेलच असं नाही. भारतानं २०२५ मध्ये २६ राफेल-एम, म्हणजे राफेलची नौदलासाठीची विमानं, घेण्याचा करार केला. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात किनाऱ्यावरच्या रॅम्पवरून ते विमान उडवून पाहिलं होतं, ते याचसाठी. घरी, शार्ल द गॉलवर, त्याला वाफेची कॅटापुल्ट मिळते. ती कॅटापुल्टही मूळ अमेरिकी बनावटीची.

(जुनं कृष्णधवल चित्रण.)

गंमत अशी की वाफेची कॅटापुल्ट ब्रिटिशांची. कॉलिन मिचेल यांची, १९५० मध्ये पर्सियस जहाजावर तपासलेली. विमानं उतरवायचा तिरका डेक ब्रिटिशांचा. उतरताना वाट दाखवणारा आरसाही ब्रिटिशांचाच. आणि आज त्यांच्या दोन्ही मोठ्या नौकांवर कॅटापुल्ट नाही. २०१० मध्ये त्यांनी ती बसवायचं ठरवलं, २०१२ मध्ये खर्चाचा अंदाज पाहून माघार घेतली. त्यामुळे त्यांच्याकडे सरळ खाली उतरू शकणारं एफ-३५ बी.

फोर्डवर वाफ गेली, वीज आली. फिरत्या चाकांत ऊर्जा साठवायची आणि क्षणात विद्युतचुंबकीय मोटरला द्यायची. जोर हवा तसा कमीजास्त करता येतो, त्यामुळे हलकं ड्रोनही फेकता येतं आणि अवजड विमानही. सुरुवातीला ही यंत्रणा इतकी रुसायची की २०१७ मध्ये ट्रम्प यांनी एका मुलाखतीत पुन्हा वाफेकडे वळा म्हणून सांगितलं. चीननं मात्र वाफेची पायरीच गाळली. लियाओनिंग आणि शानदोंग रॅम्पच्या. तिसरी फुजियान, नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली, थेट विजेची.

सप्टेंबर २०२५ मध्ये चीननं फुजियानवरच्या उड्डाणांचं हे चित्रण जगाला दाखवलं. सगळ्यांच्या नजरा जे-३५ वर. रडारला सहज न दिसणारं लढाऊ विमान, साहजिक आहे. आम्ही मात्र हा पुढचा तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. दोन पंख्यांचं, पाठीवर ताट घेतलेलं, जरा बोजड विमान. केजे-६००. ताटात रडार आहे.

ते का महत्त्वाचं, त्यासाठी एक क्षेपणास्त्र बघू.

(विनाशिकेचा पुढचा डेक. एक झाकण उघडतं.)

इथे तक्तेवाल्यांचा आवडता आकडा: विनाशिकेवर क्षेपणास्त्रांचे कप्पे किती. चीनच्या टाइप ०५५ वर ११२, अमेरिकेच्या बऱ्याचशा आर्ले बर्कवर ९६, ब्रिटनच्या टाइप ४५ वर ४८. पण अमेरिकी कप्प्यात एका मोठ्या क्षेपणास्त्राच्या जागी चार छोटी मावतात. म्हणजे कप्पे मोजले तरी क्षेपणास्त्रं मोजली गेली नाहीत. शिवाय कप्पे रिकामे झाले की जहाजाला बहुधा बंदर गाठावं लागतं. भर समुद्रात भरण्याचा प्रयोग अमेरिकेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये केला, तोही रिकामा डबा वापरून.

(ब्राह्मोस. मंद गती.)

ब्राह्मोस बाहेर येतं ते पेटून नव्हे. आधी वायूच्या दाबानं वर उडतं. क्षणभर लटकतं. टोपीतल्या छोट्या झोतांनी नाक लक्ष्याकडे वळवतं, मग पाठीमागे आग. टोपी गळून पडते, कारण इंजिनाला हवा नाकातूनच घ्यायची आहे. अमेरिकी पद्धतीत क्षेपणास्त्र कप्प्यातच पेटतं, धूर आणि ज्वाळा झाकणाशेजारून वर येतात. त्याला हे मधलं लटकणं नाही. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ब्राह्मोस जिंकलं.

आता तेच क्षेपणास्त्र तुमच्या दिशेनं येतंय असं समजा. लाटांच्या वर पाचेक मीटर. पृथ्वी गोल असल्यानं डोलकाठीवरच्या रडारला ते साधारण ३० किलोमीटरवर आल्यावर दिसतं. ध्वनीच्या अडीचपट वेगानं हे अंतर संपायला ३५ सेकंद. तेच रडार साडेसात किलोमीटर उंचीवर नेलं, तर क्षितिज ३०० किलोमीटरच्या पलीकडे जातं. पाठीवरच्या ताटाचं काम एवढंच. आणि असं अवजड विमान रॅम्पवरून उडवत नाहीत. विक्रांतसाठी हे काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर करतं, क्वीन एलिझाबेथसाठी मर्लिन. तितकी उंची नाही, तितका वेळ नाही.

ब्रिटनची शेवटची कॅटापुल्टवाली आर्क रॉयल १९७९ मध्ये निवृत्त झाली. तिच्याबरोबर टेहळणीची गॅनेट विमानंही गेली. तीन वर्षांनी अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात आकाशातले डोळे नव्हते म्हणून विनाशिका पुढे पहाऱ्याला उभ्या केल्या. ४ मे १९८२ रोजी त्यांतल्या शेफील्डला अर्जेंटिनाचं एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं. २० मृत.

(शेफील्डचं छायाचित्र. आवाज नाही. ८ सेकंद.)

पाणबुड्या या चित्रपटात नाहीत. त्यांचं चित्रण आमच्याकडे नाही, आणि असतं तरी नुसतं पाणीच दिसलं असतं.

(संध्याकाळ. शार्ल द गॉल. क्षितिजावर एक ठिपका.)

दिवसभर उडालेली राफेल विमानं एकेक करून परतली. चाकं टेकताच प्रत्येकानं इंजिन कमी न करता उलट पूर्ण जोरात नेलं, कारण डेकवर आडवी ताणलेली तार विमानाच्या हुकमध्ये अडकली नाही तर पुन्हा उडायचंय. आता एकच विमान बाहेर आहे. हॉकआय, पाठीवर रडारचं ताट घेतलेलं. सहसा सर्वांत आधी तेच उडतं आणि सर्वांत शेवटी तेच परत येतं. आत पाच माणसं. हे उतरावं म्हणून या नौकेचा तिरका डेक साडेचार मीटरच्या आसपास लांब करावा लागला होता.

पंख दोन्ही बाजूंना थोडे डोलतायत. त्यांच्याबरोबर ताटही.

हुक खाली.

(तार ताणते. पंखे थांबतात. पंख मागे दुमडले जातात. हिरव्या जर्सीतला माणूस वाकून तार तपासतो.)