आधी खार ओरडते

(दृश्य: दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी. कठड्यावर मातीचं परळ, शेजारच्या लाकडी फळीवर बाजरी. चिमण्यांची लगबग.)

ही एरंडवण्यातल्या आमच्या घराची मागची गॅलरी. समोर लॉ कॉलेजची टेकडी. आई रोज उजाडताच इथे मूठभर बाजरी आणि तांदळाची कणी टाकते, परळ घासून त्यात ताजं पाणी भरते आणि मगच आपल्या चहाचं आधण ठेवते. आधी चिमण्या येतात. मागोमाग होले, बुलबुल, साळुंक्या. कधी मुनियांचा छोटा थवा उतरतो आणि फळीवर जागा उरत नाही.

आणि मग अचानक तिथे कुणीच नसतं.

(दृश्य: रिकामी फळी. फक्त खारीचा आवाज.)

ऐका. चिर्र, चिर्र, चिर्र... शेवग्यावर खार शेपटी झटकत एकाच सुरात ओरडते आहे. चिमण्या बोगनवेलीत शिरल्यात, एकही चिवचिव नाही. होला फांदीला चिकटून बसलाय, मानसुद्धा हलवत नाही. आता कॅमेरा उचलायचा, पण सावकाश. समोरच्या कडुनिंबात खोडालगत, पानांच्या आड शोधायचं. शेंड्यावर उघड बसते ती घार. शिक्रा, हा छोटा शिकारी पक्षी, लपून बसतो.

तो बघा, खोडाच्या डावीकडे.

(दृश्य: पानांतून दिसणारा शिक्रा. हळूहळू जवळून.)

पारव्याहून लहान. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, गळ्याच्या मधोमध एक करडी पट्टी. डोळा लाल, म्हणजे हा नर. मादी अंगाने मोठी आणि तिचा डोळा पिवळट-नारिंगी. छातीवर रेघांऐवजी तपकिरी ठिपके आणि उभे फराटे असले, तर ते अजून वयात न आलेलं पाखरू.

शिकारी पक्षी गॅलरीत यावा म्हणून काय ठेवायचं, असं मला बरेच जण विचारतात. त्याच्यासाठी वेगळं काहीच ठेवायचं नसतं. शिक्रा दाण्यांना येत नाही. दाणे टिपायला जे येतात त्यांच्यामागे येतो. सरडे, पाली, उंदीर, मोठे किडे, लहान पक्षी, खारीची पिल्लं, हे त्याचं खाणं. म्हणून मी फोटो काढायला बसते तेव्हा डोळ्यांआधी कान कामाला लागतात. खार, बुलबुल, सातभाई, सगळे त्याची वर्दी देतात. कावळे आणि कोतवाल तर त्याच्या अंगावर धावून जातात. पण कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करतो, तेव्हा त्या एका आवाजावर विसंबू नये.

आणखी एकजण चकवतो. पावशा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ह्याच कडुनिंबात मी शिक्रा समजून त्याचे फोटो काढले. तीच राखाडी पाठ, तशीच पट्ट्यांची शेपटी, आणि चिमण्यासुद्धा दडून बसलेल्या. मग तो ओरडला, ‘पेरते व्हा, पेरते व्हा!’ फोटो मोठा करून पाहिला. डोळ्याभोवती पिवळं कडं, चोच जवळजवळ सरळ. शिक्र्याची चोच आकड्यासारखी खाली वळलेली असते. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. त्याला पाहून लहान पक्षी शिक्रा आला म्हणून बिचकतात. आपण फसलो तर नवल नाही.

(दृश्य: खोलीच्या आतून. ट्रायपॉडवर कॅमेरा, खिडकीवर गडद हिरवी ओढणी.)

दुसऱ्या मजल्याचा एक फायदा टेकडीवर मिळत नाही. झाडाचा मधला भाग आपल्या डोळ्यांसमोर येतो. खालून काढलेल्या फोटोत नुसतं पोट आणि आकाश. इथून शिक्रा आपल्या नजरेला नजर देतो. मी खिडकीची काच सरकवून खोलीत दोन पावलं मागे बसते, दिवा बंद ठेवते. गॅलरी पश्चिमेला असल्यामुळे सकाळी समोरच्या झाडांवर आमच्याच इमारतीची सावली असते. ती उतरेपर्यंत धीर धरायचा. बसलेल्या शिक्र्याला सेकंदाचा १/५०० शटरवेग पुरतो. झेप टिपायची तर १/२००० तरी हवा, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, वाढवावा लागला तर वाढवायचा. त्याने फोटोत उमटणारे बारीक ठिपके चालतील, हललेला डोळा चालणार नाही. फ्लॅश मी वापरत नाही. संध्याकाळी जिन्याच्या दिव्याखाली किडे पकडायला पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, येतो, त्याच्यावर तर नाहीच नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगताना अजूनही जड जातं.

(दृश्य: गॅलरीचं मोकळं टोक. मागे मोकळी, उजळ पार्श्वभूमी.)

दोन हिवाळ्यांपूर्वी मी ही फळी बोगनवेलीजवळून उचलून गॅलरीच्या मोकळ्या टोकाला लावली. मागे पानं नकोत, फोटो स्वच्छ यावा, एवढंच मनात होतं. चौथ्या दिवशी शिक्रा आला. चिमण्यांना दडायला जवळ काही उरलं नव्हतं. एक सरळ खिडकीच्या काचेवर आपटली. तिला काचेत झाडच दिसत असणार. शिक्र्याने तिला जमिनीवरून उचललं आणि कठड्यावर बसून पंख पसरून झाकून घेतलं. माझ्यासमोर, भर उन्हात, सहा फुटांवर. मी फोटो काढले. उत्तम आले. आई मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, “अगं, त्याने मारलं ते त्याच्या पोटासाठी. तू फळी कशाला हलवलीस?”

त्याच दुपारी फळी परत जागेवर नेली. खिडकीच्या काचेवर बाहेरून पांढऱ्या ठिपक्यांच्या दाट ओळी काढल्या, म्हणजे पाखरांना काच कळते. ते फोटो मी कुणाला दाखवलेले नाहीत.

शिक्र्याने शिकार केली याचं मला दुःख नाही, त्यालाही घरट्यात पिल्लं असतात. पण सापळा लावणारी मी नको. पांढरा उंदीर बांधून ठेवणं, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं, घरट्यावर लेन्स रोखून तासन्‌तास बसणं, ह्यातून मिळालेला फोटो मला चोरीचा वाटतो. शिक्रा सलग तीन-चार दिवस येऊ लागला, तर आई आठवडाभर दाणे बंद करते. पाखरं दुसरीकडे पांगतात, तोही टेकडीकडे जातो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. कायदा नसता तरी आईने हेच केलं असतं.

(दृश्य: एप्रिल. पांढरं ऊन. परळात पाणी.)

माझा सगळ्यांत आवडता फोटो शिकारीचा नाहीच. एप्रिलची दुपार होती, ऊन मी म्हणत होतं. गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. शिक्र्याची मादी आली, थेट परळाच्या काठावर. बराच वेळ नुसती इकडेतिकडे पाहत राहिली. मग पाण्यात उतरली आणि छाती बुडवून पंख फडफडवले. एका फोटोत तिचा डोळा दुधाळ दिसतो. तो आजार नव्हे, पाणी उडताना डोळ्यावर सरकलेला तिसरा पडदा. पुढच्याच फोटोत डोळा लख्ख, आणि चोचीच्या टोकाला थेंब.

त्या वर्षी कडुनिंबाच्या दुबेळक्यात काटक्यांचं घरटं झालं. मार्च ते जून हे त्यांचे दिवस. कॅमेरा मी पेटीत ठेवला. पावसाळ्याआधी छातीवर ठिपके असलेली दोन पाखरं फांदीवरून फांदीवर अडखळत उडताना आम्ही गॅलरीतून नुसती पाहिली.

(दृश्य: आजची सकाळ. स्वयंपाकघर. गॅसवर चहा.)

आईला आता कमी ऐकू येतं. दाराची बेल दोनदा वाजवावी लागते. पण शेवग्यावरची खार ओरडली की ती गॅस बारीक करते, ओट्यापासून पावलं न वाजवता दारापर्यंत येते आणि मला हाताने खूण करते. डावीकडे. खोडालगत.

(खारीचा आवाज. चिर्र, चिर्र.)