झाडीपट्टीत नाटकाचा रिझल्ट लागतो कुठं?

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली ना, की वडसाकडची हवाच बदलते बघा. वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठिकाण. तिथं कंपन्यांची ऑफिसं उघडतात, भिंती बॅनरनं भरतात, आणि गावोगावची मंडळवाली मंडळी तारीख ठरवायला येतात. धान कापून झालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, मग चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, म्हणजेच झाडीपट्टीत, पार होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात.

आता नाटकाची रिस्क कुणाची, तर कंपनीची नाही, गावाची! मंडळ ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेतं, मंडप, तिकीट, खुर्च्या सगळं तेच बघतं, उरलं तर गावाच्या कामाला, बुडालं तर खिशातून. म्हणून नाटक घ्यायच्या आधी मंडळवाले शेजारच्या गावात जाऊन विचारतात, काय बाप्पा, कसं झालं? लोक पहाटेपर्यंत बसले का? कॉमेडी जमली का, गाण्याला वन्स मोअर मिळाला का? उत्तर बरं आलं तर पुढच्या तारखा पटापट भरतात, नाही आलं तर कंपनीचा फोन शांत. मला तर हीच खरी समीक्षा वाटते, कारण इथं समीक्षकाला स्वतःचे पैसे लावायचे असतात.

पेपरातली समीक्षा मात्र इकडं फार फिरकत नाही, आणि आली तरी ती पुण्या-मुंबईच्या दोन-अडीच तासांच्या नाटकाची पट्टी घेऊन येते. मग अभिनय लाऊड, कथानक पसरट, मध्येच गाणी असं लिहून मोकळी. अहो पण रात्री दहा-अकराला पडदा उघडणार, पहाटे पडणार, लोक उघड्यावर थंडीत बसलेत, मागच्या पोराला पण ऐकू गेलं पाहिजे, तिथं हळू आवाजात सूचक बोलून कसं चालेल? रडवणारा प्रवेश झाला की लगेच विनोदी पात्र येतं, झाडीबोलीत चार वाक्यं टाकतं आणि पेंगणारा मंडप जागा होतो, ही बांधणी रात्रभर जागवायच्या गरजेतून आलीये.

म्हणजे सगळं गोडच आहे असं मी म्हणत नाही हां. सासरी छळ, सौभाग्य, दारुडा नवरा, ते फिरून फिरून येतं, नाव वेगळं आणि गोष्ट तीच. तालमी कमी, प्रॉम्प्टरचा आवाज कधीकधी नटाच्या आधी आपल्याला ऐकू येतो. आणि लावणी, रेकॉर्ड डान्स एवढे घुसवतात की मूळ नाटक काय होतं तेच विसरायला होतं. दंडार, खडी गंमत असल्या इथल्याच जुन्या लोकनाट्य प्रकारांतून ही रंगभूमी आली, त्यांची चव आता कमी लागते, हे इथले जुने प्रेक्षकच बोलून दाखवतात.

शंकरपट आणि नाटक हे तर जोडीनंच चालायचं, दिवसा बैलांची शर्यत, रात्री नाटक, पाहुणे दोन्हीसाठी यायचे. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यतींवर बंदी आणली तेव्हा ही जोडी तुटली, 2021 च्या शेवटी परवानगी मिळाल्यावर पट परत सुरू झाले. पण त्या बंदीच्या वर्षांतही नाटकं थांबली नाहीत, हे लक्षात घ्या.

आणि 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेला, लोकांना पोट धरून हसवणारा नट! दिल्लीला कळलं, आपल्या नाट्यसमीक्षेला अजून कळायचंय.

कधी जायचं ठरवलंत तर ब्लँकेट न्या, आणि दुपारीच थोडं झोपून घ्या, कारण तिसऱ्या अंकात खरी मजा असते आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच घोरत असतो.