रुळावरचा शॉट

(खरी कॉर्नर, सकाळची वर्दळ)

कोल्हापूरच्या खरी कॉर्नरचा हा कॅमेरा मानस्तंभ. रिक्षा वळसा घालून जातात, मान वर करणारा एखादाच. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी याच गावात स्वतः कॅमेरा घडवला, त्याचाच हा मान. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 साली पडद्यावर आला. तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे, फेऱ्याला फिल्मच्या आठ चौकटी. एक हात त्यातच गुंतलेला, स्टँड जागचा हलायचा नाही. त्यामुळे त्या काळात लाँग शॉटचीच चलती. नट डोक्यापासून पायापर्यंत, समोर बसून नाटक बघावं तसे.

(चित्रनगरी. रूळ उतरवताना चौघं)

आता हे बघा. कॅमेरा रुळावरून चालणार, ट्रॉली नावाच्या चाकांच्या गाडीवर. दिग्दर्शकाला हवंय एवढंच, लाँगवर सुरू करून बाईच्या टाइट क्लोजला, म्हणजे पडदाभर चेहऱ्यावर, थांबायचं. कागदावर एक ओळ. पण अंगण उताराचं आहे. रुळाखाली फळी, फळीखाली लाकडी पाचर. लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाचर ठोकायची, काढायची, परत ठोकायची. सांध्यावर चाक अडखळलं की फ्रेम हलते, म्हणून प्रत्येक सांधा बोटाने चाचपायचा. चाक कुरकुरू नये म्हणून रुळावर पावडर, अंगाला लावतो तीच.

मग टेप. लेन्सपासून बाईच्या डोळ्यापर्यंतचं अंतर सुरुवातीला, मध्ये, शेवटी. कॅमेरा जवळ जाईल तशी फोकसला चुकायची मुभा कमी होत जाते.

झूमने नसतं भागलं? चेहरा मोठा झाला असता, पण मागची भिंतही त्याच मापाने फुगली असती. ट्रॉलीवरून बघताना तुळशीवृंदावन बाजूने सरकतं, खांबाआडची ओसरी उघडते, आपण चालत तिच्यापाशी पोहोचतो. क्लोजअपची ताकद प्रभात फिल्म कंपनीने 1934 मध्येच दाखवली होती. ‘अमृतमंथन’मधल्या राजगुरूचा, चंद्रमोहन यांचा, डोळा पडदाभर!

पॅन म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, टिल्ट म्हणजे वर-खाली, लो अँगल म्हणजे खालून वर बघणं, हेही शॉटच. पण ते कॅमेरामनचे, त्यांचं कौतुक पुष्कळ झालंय. आपण ट्रॉली ढकलणाऱ्याकडे बघू. त्याची नजर मॉनिटरवर नाही, बाईच्या खांद्यावर आहे. खांदा वळला की निघायचं. सुरुवात अलगद, थांबणं त्याहून अलगद. धक्क्याने थांबला तर टेक गेला.

(टेक. निवेदन नाही)

चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारे गिंबल आले, ड्रोन आले, ट्रॉलीला बोलावणी कमी झाली. काहींनी दुसरी कामं धरली.

इकडे टेक ओके झालाय. पुढचा शॉट ओसरीतून आहे. रूळ सुटे होताहेत, पाचरी पोत्यात पडताहेत. तिथे फरशी आहे, सपाट. तरी लेव्हल लावूनच बघणार.