तीन किलोमीटर खाली

समोरचा हा टेकाड नैसर्गिक नाही. जमिनीखालून उपसलेला दगड दळून, त्यातलं सोनं काढून घेतल्यावर उरलेला हा चोथा. त्यात सायनाइड मुरलेलं आहे. वारा सुटला की ही भुकटी थेट वस्तीत शिरते.

हे कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स. सगळ्यांच्या तोंडी केजीएफ. १८७३ मध्ये मायकेल लॅव्हेल या माजी सैनिकाने इथे खाणकामाचा परवाना मागितला, तो १८७५ मध्ये मिळाला. पुढे १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी आली आणि माळरानावर शहर उभं राहिलं. साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फचं मैदान. कामगारांसाठी बांबूच्या तट्ट्यांच्या खोल्या. उत्तर अर्काट आणि सेलम भागातून आलेली ही माणसं बहुतेक तमिळ, त्यातही दलित.

हा शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीचा, मनोरा बघा. याच्याखाली माणसांना नेणारा पिंजरा सुटायचा. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथला खडक हाताला चटका देणारा. थंड हवा वरून सोडावी लागे. दाब वाढला की खडक स्फोट झाल्यासारखा फुटायचा आणि बोगदाच बसायचा. वर आलेला दगड स्टॅम्प मिलमध्ये जाई. तिथे लोखंडी मुसळं रात्रंदिवस पडत. मग सोनं पकडायला पाऱ्याचा लेप दिलेले तांब्याचे पत्रे, त्यानंतर सायनाइडची टाकी, त्यात विरघळलेलं सोनं जस्ताने खाली बसवायचं. एवढ्या खटाटोपातून टनामागे काही ग्रॅम हाती लागत. शंभर-सव्वाशे वर्षांत अशा रीतीने सुमारे आठशे टन सोनं निघालं.

१९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रमहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून इथे वीज आणली. बंगळूरला ती त्यानंतर मिळाली. याच खाणीच्या पोटात १९६५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण टिपले. ती उपकरणं खाली नेणारा पिंजराही इथल्याच कामगारांनी चालवला.

१९५६ मध्ये खाणी सरकारकडे आल्या. सोनं खोल गेलं, दगडातलं प्रमाण घसरलं, खर्च परवडेना. २८ फेब्रुवारी २००१ ला काम थांबलं. धुळीने छाती निकामी झालेली माणसं वस्तीतच राहिली. त्यांची मुलं आता पहाटेच्या गाडीने इथल्या मारिकुप्पम स्टेशनहून बंगळूरला कामाला जातात, रात्री परततात.